आधी भांडं, मग भाजी

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेलं काठी हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते तिथल्या राजवाडी होळीमुळे. फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री इथे दूरदूरच्या पाड्यांवरून हजारो माणसं जमतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. नवस फेडायला आलेले बुध्ये आणि बावा अंगावर राखेची नक्षी काढतात, डोक्याला मोरपिसांचा टोप घालतात आणि कमरेला घुंगरांसोबत वाळलेले भोपळे बांधून नाचतात. छायाचित्रांत मोरपिसं उठून दिसतात, म्हणून लिहिलंही त्यांच्याबद्दलच जास्त जातं. अन्नाचा इतिहास शोधायचा असेल, तर नजर कमरेकडे वळवायला हवी. फाल्गुनात कमरेला बांधलेला तो भोपळा आदल्या शरदात कुणीतरी वेलावर मुद्दाम राखलेला असतो. कोवळा असताना तो खुडून भाजीत घातला असता, तर होळीला बांधायला काहीच उरलं नसतं. कोणतं फळ खायचं आणि कोणतं ठेवायचं हा निर्णय भाद्रपद-आश्विनात होतो, आणि सातपुड्यातल्या भोपळ्याचा सगळा इतिहास या निर्णयातून वाचता येतो, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे भोपळा आधी भांडं होता, भाजी म्हणून त्याचं मोल नंतर वाढलं. हे ध्यानात घेतलं की शरदात पिकलेला लाल भोपळा कोरून, त्यात धान्य-कडधान्याचं सारण भरून, शाबूतच शिजवण्याची रीत परकी राहत नाही. ती त्या जुन्या भांड्याची वारस ठरते.

मराठीत नुसतं भोपळा म्हटलं की दोन वेगळी फळं समोर येतात. एक दुधी भोपळा आणि दुसरा लाल किंवा तांबडा भोपळा, ज्याला काशीफळ, गंगाफळ, डांगर अशीही नावं आहेत. दोन्ही एकाच काकडीवर्गीय कुळातली, पण जन्मभूमी निराळी. दुधीचं मूळ आफ्रिकेत. तिथून तो माणसाच्या फार आधीच्या प्रवासांबरोबर आशियात पोचला. त्याची वाळलेली कवची इतकी हलकी आणि जलाभेद्य असते, की ती खाऱ्या पाण्यावर कित्येक महिने तरंगू शकते आणि आतलं बी जिवंत राहतं. अमेरिकेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांत दुधीच्या कवच्या सापडल्या, तेव्हा त्या तिथे पोचल्या कशा हा मोठा प्रश्न होता. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने उत्तर दिलं की आफ्रिकेतली फळं अटलांटिक महासागरावर तरंगतच तिकडे गेली असावीत. लाल भोपळ्याचा प्रवास उलट दिशेचा. तो ज्या कुकुर्बिटा गणातला, तो संपूर्ण गण अमेरिकेतला. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्झ गुहेत या गणातल्या लागवडीच्या बिया सापडल्या आणि त्यांचं वयही दहा हजार वर्षांच्या आसपास निघालं. भारतात लाल भोपळा पोचला तो १४९२नंतर, पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर. म्हणजे सातपुड्यातल्या अंगणात आज शेजारी शेजारी चढणारे हे दोन वेल हजारो वर्षांच्या अंतराने आणि पृथ्वीच्या दोन टोकांकडून आलेले आहेत.

दुधी भांडं म्हणून किती जुना आहे, याचा पुरावा आपल्या वाङ्मयात आणि वाद्यांत भरपूर आहे. अथर्ववेदात अलाबूच्या, म्हणजे दुधीच्या, पात्राचा उल्लेख येतो. मनुस्मृतीत संन्याशाने वापरायच्या चार पात्रांत लाकूड, माती आणि वेळू यांच्याबरोबर भोपळा सांगितला आहे. मिरजेत तंबोरा आणि सतार घडवणारे कारागीर दीड शतकाहून जास्त काळ पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकणारे मोठे कडू भोपळे वापरत आले आहेत. त्या भोपळ्याची भाजी होत नाही, तो नादासाठीच पिकवला जातो. डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांचा तारपा, सटाणा-साक्री ते डांग या पट्ट्यातल्या कोकणा समाजाची पावरी, दोन भोपळ्यांची घांगळी, या सगळ्यांचा आवाज भोपळ्याच्या पोकळीतून येतो. नदी ओलांडायला किंवा पोहायला शिकताना पाठीला भोपळ्यांची सांगड बांधण्याची रीत महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत होती. सातपुड्यासह मध्य भारतातल्या आदिवासी घरांत पाणी वाहून न्यायला, मोहाची दारू ठेवायला आणि पुढच्या पेरणीचं बी जपायला तुंबा, म्हणजे वाळलेल्या दुधीचं भांडं, वापरला गेला. मराठी मुलाच्या कानावर पडणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी एकीत लेकीकडून धष्टपुष्ट होऊन परतणारी म्हातारी भोपळ्यात बसून जंगल पार करते. त्या गोष्टीतही भोपळा खाल्ला जात नाही, तो माणसाला आत घेऊन सुखरूप पोचवतो. वेगवेगळ्या जाती, प्रदेश आणि काळ यांतले हे सगळे दाखले एकच गोष्ट सांगतात. भोपळ्याची किंमत त्याच्या गरापेक्षा त्याच्या पोकळीत आणि कवचीत होती.

काठीच्या होळीची परंपरा १२४६पासून चालत आल्याचं तिथे सांगितलं जातं. हे वर्ष खरं धरलं, तर बुध्यांच्या कमरेचा मूळ भोपळा दुधीच असणार हे आपोआप सिद्ध होतं, कारण त्या काळी लाल भोपळा भारतात नव्हताच. इथे कुणी म्हणेल की १२४६ हे वर्ष लोकपरंपरेतलं आहे, त्याला समकालीन कागदाचा आधार मागायला हवा. हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच माझा युक्तिवाद त्या वर्षावर उभा नाही. दुधीचं आशियातलं प्राचीनत्व त्या वर्षाशिवायही पक्कं आहे. परंपरेने सांगितलेलं वर्ष एवढंच दाखवतं, की काठीचे लोक आपल्या सणाला मराठी सत्तेच्याच नव्हे, तर मुघल आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांच्याही आधीचा मानतात. काठी हे सातपुड्यातल्या मेहवासी, म्हणजे डोंगरी प्रमुखांच्या, संस्थानांपैकी एक. १८१८मध्ये पेशवाई संपली, इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला, १८२५मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि पुढे मेहवासी प्रमुखांचे व्यवहार सरकारी कागदांत नोंदवले जाऊ लागले. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये ही संस्थानं, त्यांची घराणी, जमिनी आणि उत्पन्न यांची माहिती येते. पण महसुली नोंद ठेवणाऱ्याला जे मोजता येतं आणि ज्यावर सारा बसतो, तेच नोंदवावंसं वाटतं. छपरावर चढलेल्या वेलावर सारा नव्हता, म्हणून त्याची नोंदही नाही. डोंगरातल्या स्वयंपाकाचा इतिहास लिहायचा, तर राजघराण्याच्या वंशावळीइतकाच भरवसा फळाच्या कवचीवर, सणाच्या रीतीवर आणि बियांच्या वाणावर ठेवावा लागतो. ही साधनं दुय्यम नाहीत. कागद खोटा लिहिता येतो, पण ज्या प्रदेशात एखादं फळ पिकतच नाही तिथे त्याच्याभोवती शतकानुशतकं टिकणारी रीत उभी राहत नाही.

मग लाल भोपळा या डोंगरात आला कसा आणि रुजला का? समुद्रकाठची पोर्तुगीज ठाणी, म्हणजे वसई, दमण आणि गोवा, ही नव्या पिकांची पहिली दारं. त्यांच्या मागोमाग सुरत हे पश्चिम भारतातलं सर्वांत मोठं बंदर झालं, आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा तापीकाठचा रस्ता नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकात युरोपीय प्रवाशांनी नंदुरबारची भरभराट नोंदवली आहे आणि १६६६मध्ये इंग्रजांनी इथे वखारही घातली. बंदरातून निघालेलं बी या रस्त्याने आत येणं आणि बाजारहाटातून डोंगर चढणं हा तर्क सरळ आहे. पण रस्ता असणं आणि रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी. बाहेरून आलेली किती तरी झाडं बागेपुरतीच राहिली. लाल भोपळा मात्र एका-दोन शतकांत घरचा झाला, त्याचं कारण दुधीने त्याच्यासाठी जागा आधीच तयार करून ठेवली होती. पावसाच्या तोंडावर घराच्या कडेला, उकिरड्याशेजारी खड्डा करून बी टोचायचं, वेलाला कुडावरून छपरावर न्यायचं, नर आणि मादी फूल ओळखायचं, काही फळं कोवळी खुडायची आणि काही देठ सुकेपर्यंत राखायची, हे सगळं ज्ञान बायकांच्या हातात आधीपासून होतं. नव्या वेलाने कुठलंच नवं काम मागितलं नाही. जुन्या वेलाला न जमणारी एक गोष्ट मात्र त्याने करून दाखवली. दुधी पिकला की कवची कठीण होते आणि गर निकामी होतो, म्हणजे तो एक तर कोवळा खायचा किंवा भांडं करायचा. लाल भोपळा पिकल्यावर त्याची साल कठीण होते आणि गर आत गोड, खाण्याजोगा राहतो. देठ ठेवून काढलेलं, न खरचटलेलं फळ कोरड्या आणि हवेशीर जागी तीन-चार महिने सहज टिकतं. मीठ लागत नाही, ऊन दाखवावं लागत नाही, तेल लागत नाही. भांडं आणि त्यातलं अन्न दोन्ही एकाच फळात मिळालं, आणि ज्या घरात साठवण हाच जगण्याचा आधार, तिथे त्याला नाकारण्याचं कारणच नव्हतं.

याच काळात अमेरिकेतून आलेला मका सातपुड्यात मुख्य धान्यांपैकी एक झाला, हा योगायोग नाही. मेक्सिकोत मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिकं एकत्र घेण्याची हजारो वर्षांची पद्धत आहे. मका उभा राहतो, घेवडा त्याला धरून चढतो आणि जमिनीत नत्र धरतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल राखतात. सातपुड्याच्या उतारांवर ज्वारी, भगर, तूर, उडीद, चवळी अशी मिश्र पेरणी मुळातच होती. त्यात मका आणि भोपळा सहज बसले. दोन खंडांतल्या डोंगरी शेतकऱ्यांनी एकमेकांना न भेटता एकाच अडचणीवर सारखाच तोडगा काढला होता: एकाच पिकावर भिस्त ठेवायची नाही, उतारावरची माती उघडी ठेवायची नाही. म्हणून अमेरिकेतली पिकं इथे आली तेव्हा त्यांना सवयीची शेतीपद्धत मिळाली.

या मांडणीवरचा पहिला मोठा आक्षेप उगमाचा आहे. जे फळ चार-पाचशे वर्षांपूर्वी परदेशातून आलं, त्याला आपल्या परंपरेत स्थान कसं द्यायचं? याचं उत्तर आपल्याच व्रतांनी देऊन ठेवलं आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा दंडक आहे. नांगराच्या आधीच्या काळातलं अन्न आठवणीने खाण्याचा तो दिवस, म्हणजे आपल्या पंचांगातला अन्नाबाबत सर्वांत जुनाट वळणाचा दिवस म्हणता येईल. त्या दिवशीच्या भाजीत अळू, माठ, पडवळ, भेंडी यांच्याबरोबर लाल भोपळा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे असतात. दोन्ही अमेरिकेतले. पितृपक्षात पूर्वजांच्या पानावर भोपळ्याची भाजी किंवा भरीत वाढलं जातं. आषाढी-कार्तिकीच्या उपासाला लाल भोपळा, बटाटा, रताळं, शेंगदाणे हे सगळे अमेरिकेतून आलेले पदार्थ चालतात, आणि गहू-ज्वारी चालत नाहीत. ज्या समाजाने आपल्या पितरांना आणि उपासाला हे फळ स्वीकारलं, त्याने त्याचा उगम केव्हाच मागे टाकला आहे. उलट बाजूही पाहावी. कोहळा आशियातलाच, आणि धर्मविधीत त्याचं स्थान मोठं: बळीच्या जागी तो कापला जातो, कार्तिक शुद्ध नवमीला कूष्मांड नवमी म्हणून त्याचं दान होतं. पण रोजच्या जेवणात, विशेषतः डोंगरातल्या घरांत, लाल भोपळ्याने जितकी पोटं भरली तितकी कोहळ्याने भरलेली नाहीत. म्हणजे जन्माने आपलं असलेलं फळ देवघरात गेलं आणि बाहेरून आलेलं चुलीजवळ बसलं. परंपरा उगमाने ठरत नाही, ती दरवर्षी त्याच ऋतूत पुन्हा केलेल्या कामाने ठरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. भोपळा जुना असेल, भांडं म्हणूनही असेल. पण आत सारण भरून शिजवण्याची कला पठारावरची, सुबत्तेची आहे. दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, काळा मसाला आणि सढळ तेल यांची ती कला डोंगरातल्या घरावर लादणं म्हणजे इतिहास नव्हे. यात तथ्य आहे आणि ते मान्यच करायला हवं. भरली वांगी, भरली ढेमशी, भरली तोंडली, भरलेलं कारलं हा सगळा संसार मुख्यतः देशावरच्या आणि खानदेशातल्या तापीकाठच्या घरांचा. त्याचा जुना लेखी पुरावाही दरबारी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वांगी कोरून त्यांत शिजवलेला खिमा भरून तळण्याची रीत दिली आहे. म्हणून मी असा दावा करत नाही की भरलेला लाल भोपळा हा काठीचा पारंपरिक पदार्थ आहे. माझा दावा वेगळा आहे. सारण भरण्याच्या कलेला लागतं काय? एक पोकळ, स्वतःचा आकार धरून ठेवणारं फळ, आत घालायला थोड्या प्रमाणात चवदार वस्तू, आणि मंद आच. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट डोंगराची आहे. मातीची भांडी चढावर वाहून नेणं अवघड आणि धातूची महाग होती, त्या काळी फळाचीच कवची भांडं म्हणून वापरण्याची बुद्धी डोंगरातल्या माणसाकडे होती. निखाऱ्यात, राखेत, पळसाच्या पानात गुंडाळून भाजण्याची रीतही त्याच्याकडे आहे, आणि खानदेशचं प्रसिद्ध भरीतही पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचंच असतं. पठाराने दिलं ते सारण. तेही घेताना डोंगराने स्वतःच्या वस्तूंनी ते बदलावं, इतकं स्वातंत्र्य प्रत्येक चुलीला असतं. पठाराच्या भरल्या वांग्यातला शेंगदाणा आणि मिरची अमेरिकेतलेच, आणि तरी त्या वांग्याला कुणी परदेशी म्हणत नाही. तोच न्याय डोंगरालाही मिळाला पाहिजे. आर्मेनियात भोपळा कोरून त्यात भात, सुकामेवा आणि मध भरून भाजतात. घपामा नावाचा हा पदार्थ तिथे नववर्षाला आणि लग्नात मानाचा. त्या देशानेही भोपळा अमेरिकेकडून आणि सारण भरण्याची रीत आपल्या जुन्या स्वयंपाकातून घेतली. जगभर हे असंच घडलं आहे, कारण टिकाऊ सालीचं गोड फळ हातात आलं की ते भांडं म्हणून वापरण्याचा विचार माणसाला सुचतोच.

सातपुड्यातल्या शरदाच्या वस्तू घेऊन हा पदार्थ रांधायचा, तर तो असा होतो. फळ दोन-अडीच किलोहून मोठं नको आणि देठ पूर्ण सुकलेला हवा. नखाने साल खरवडली जात नसेल तर फळ पिकलं असं समजावं. देठाच्या बाजूने झाकण कापायचं आणि आतला तंतूंचा गोळा बियांसकट काढायचा. बिया धुऊन सावलीत वाळवायच्या: ठसठशीत बिया पुढच्या पावसासाठी, उरलेल्या भाजून खायला. सारणाला मोरधन, म्हणजे मोलगी-धडगावच्या बाजूला पिकणारी भगर, अर्धवट शिजवून घ्यायची. ती पूर्ण शिजवली तर भोपळ्याच्या पाण्यात लगदा होते. तिच्यात उकडलेली चवळी किंवा अख्खे उडीद, परतलेला कांदा-लसूण, नंदुरबारची वाळलेली लाल मिरची, भाजून कुटलेले कारळे आणि तीळ, मीठ, आणि शेवटी आमचूर. अक्कलकुवा-धडगावच्या बायका उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात आणि त्याच्या विक्रीवर कित्येक घरांचा पावसाळा निभावतो. भोपळ्याच्या गोडीला आंबट चव देण्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. सारण दाबून भरायचं नाही, कारण भगर फुगते. आतल्या बाजूला थोडं तेल फिरवून झाकण लावायचं. चुलीवर करायचं तर जाळ ओढून घेऊन निखाऱ्यांवर, बाहेरून पळसाची ओली पानं गुंडाळून, दर थोड्या वेळाने फिरवत तासभर ठेवायचं. घरच्या गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात तळाला थोडं पाणी घालून, घट्ट झाकण ठेवून, मंद आचेवर तेवढाच वेळ लागतो. सुरी सालीतून सहज आत गेली की झालं. कापताना सालीसकट फोडी करायच्या. आतला गर सारणाला ओलावा देतो आणि सारण गराला चव देतं. म्हणून या पदार्थाला वेगळी आमटी लागत नाही. भाकरी आणि कच्चा कांदा पुरेसा.

तिसरा आक्षेप शाकाहाराचा. काठीच्या होळीत, नवसात, लग्नात कोंबडा-बोकड असतो, नदीतली मासळी असते. तिथे वनस्पतीजन्य पदार्थाला प्रदेशाची ओळख म्हणणं म्हणजे शहरी आवडीचं प्रतिबिंब डोंगरात पाहणं नव्हे का? प्रश्न ओळखीचा असता तर आक्षेप बरोबर ठरला असता. पण इथे प्रश्न रोजच्या जेवणाचा आहे. सण हा वर्षातल्या थोड्या दिवसांचा, आणि त्याची नोंद पाहुण्यांनी ठेवली. उरलेल्या दिवसांत भाकरी, डाळ, रानातल्या पालेभाज्या, शेंगा, कंद आणि भोपळा यांवरच घर चाललं. ते तत्त्वासाठी नव्हे. कोंबडं विकून मीठ-तेल येतं आणि बोकड अडचणीच्या दिवसासाठी राखावा लागतो म्हणून. शिकारीचा आणि रानाचा आधारही कमी होत गेला. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली आणि रानात जाणं, फिरती शेती करणं, लाकूडफाटा आणणं हे हक्क न राहता सवलती झाल्या. १८९९-१९००च्या, ‘छप्पनचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळाने खानदेश आणि गुजरात दोन्ही भाजून काढले, आणि १९७२चा दुष्काळ अजून जुन्या पिढीच्या बोलण्यात येतो. रान आकसलं तसं अंगणातल्या वेलावरचं ओझं वाढलं. म्हणून वनस्पतीजन्य जेवण हा या डोंगराचा काटेकोर हिशेब आहे. शहरातला माणूस आज आरोग्यासाठी किंवा प्राण्यांबद्दलच्या करुणेपोटी जे निवडतो, त्याचं कौशल्य डोंगरातल्या बायकांनी गरजेपोटी आधीच घडवलं होतं. गरज आणि निवड यांतला हा फरक पुसून टाकू नये. त्या कौशल्याचं श्रेयही नाकारू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो भोपळ्याबद्दल कौतुकाने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवा. ज्या जिल्ह्याचं नाव कुपोषणामुळे वर्षानुवर्षं बातम्यांत येतं, तिथल्या साठवणीच्या अन्नाला संस्कृती म्हणून मिरवणं हे दारिद्र्य सजवणं आहे, असं म्हटलं जाईल. दारिद्र्य सजवायचं नसेल तर ते कशाने आलं हे नीट पाहायला हवं. ते वेलांच्या अज्ञानातून आलं नाही. जंगलावरचा हक्क गेला. तो परत देण्याचा कायदा व्हायला २००६ उजाडलं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं आली, आणि मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांची कसदार जमीन बुडाली. घर हललं की छपरावरचा वेल हलवता येत नाही, तुंब्यात जपलेलं बीही वाटेत हरवतं. बाजाराने संकरित वाण दिलं, त्याचं बी पुढच्या वर्षी मूळ झाडासारखं येत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. साठवणीची साखळी तिथे तुटते. हा सगळा इतिहास सांगतो की उपासमार ही अन्नज्ञानाच्या अभावाची नव्हे, तर ते ज्ञान वापरण्यासाठी लागणारी जमीन, रान आणि बी हिरावून घेतल्याची गोष्ट आहे. लाल भोपळ्याच्या केशरी गरात शरीर ज्याचं अ जीवनसत्त्व करतं ते कॅरोटिन असतं, बियांत प्रथिनं, स्निग्धांश आणि जस्त असतं. ज्या मुलांना हे हवं, त्यांच्याच अंगणात ते पिकू शकतं. अर्थात भोपळ्याने कुपोषण संपणार नाही, आणि तसा दावा करणं क्रूरपणाचं होईल. पण अंगणवाडीच्या आणि आश्रमशाळेच्या ताटात बाहेरून आलेल्या पाकिटाऐवजी डोंगरातलं धान्य, डाळ आणि भोपळा यावा, आणि तो स्थानिक घरांकडून विकत घेतला जावा, ही मागणी इतिहासातूनच निघते.

या मागणीचा पाया बी आहे. बायफ संस्थेने धडगाव भागातल्या मका-ज्वारीच्या स्थानिक वाणांची जोपासना शेतकऱ्यांच्या साथीने केली आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या कामासाठी २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाला. धान्याच्या वाणांकडे आता लक्ष जातं आहे. वेलवर्गीय भाज्यांकडे, विशेषतः भांडी आणि वाद्यं करण्याजोग्या जाड कवचीच्या दुधीकडे आणि महिनोन्महिने टिकणाऱ्या लाल भोपळ्याकडे, तेवढंच लक्ष जायला हवं. त्यांचं बी राखणं सोपं नाही. लाल भोपळ्याचं परागण मधमाशा करतात, त्यामुळे एका अंगणातला वाण दुसऱ्यात सहज मिसळतो. शुद्ध बी हवं तर संध्याकाळी उमलण्याच्या बेतातल्या मादी आणि नर कळ्या दोऱ्याने बांधायच्या, सकाळी हाताने नराचा पराग मादी फुलाला लावायचा आणि ते पुन्हा बांधायचं. तेच फळ देठ सुकेपर्यंत राखायचं. हे काम वेलाची चांगली ओळख असलेल्या घरातच नीट होतं. म्हणून राखलेल्या वाणाला बाजार मिळणं आवश्यक आहे, आणि बाजार मिळतो तो पदार्थाला मान मिळाला की. या शरदात जो कुणी लाल भोपळा भरून शिजवेल, त्याने गावरान वाणाचं फळ मागावं, कुठलं आहे ते विचारावं, त्याची चार पैसे जास्त किंमत द्यावी आणि बिया फेकू नयेत. काठीच्या होळीला कमरेला बांधायचा भोपळा आजही कुणीतरी वेलावर राखतं, म्हणून तो दुधी अजून उगवतो. लाल भोपळ्याचे गावरान वाणही असेच टिकतील, पण त्यांना राखण्याचं काम आता एकट्या डोंगराचं राहिलेलं नाही. विकत घेणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनीही त्यात आपला वाटा उचलला पाहिजे.